मोत्याची शिकवणी

जगात दोन विषय असे आहेत की त्यांतलं प्रत्येकाला सगळं कळतं. एक सर्दीवरचे उपाय आणि दुसरा म्हणजे दुसऱ्याच्या घरात आलेलं कुत्र्याचं पिल्लू. त्यांतल्या त्यात सर्दी बरी. उपाय केले तर सात दिवसांत जाते आणि नाही केले तर आठवड्याभरात जाते. पिल्लू मात्र राहतं, आणि जसजसं राहतं तसतसे सल्ले वाढत जातात.

आमच्याकडे मोत्या आला त्याला आठवडा व्हायच्या आत मला सतरा जणांनी सतरा सल्ले दिले. त्यांतले पाच 'त्याला मारा' या सदरातले होते, चार 'त्याला मुळीच मारू नका' या सदरातले आणि उरलेले आठ 'कशाला आणलंत?' या सदरातले. या शेवटच्या सदराच्या अध्यक्षस्थानी आमची ही होती.

मोत्या जातीनं गावठी. हल्ली त्याला 'इंडी' म्हणतात, असं आमच्या कन्येनं सांगितलं. 'गावठी' म्हटलं की समोरच्याचा चेहरा 'असो' म्हटल्यासारखा होतो, आणि 'इंडी' म्हटलं की तोच गृहस्थ 'केवढ्याला पडलं हो?' म्हणून विचारतो. कन्येच्या मैत्रिणीच्या गल्लीत एका कुत्रीला सहा पिल्लं झाली. पाचांना घरं मिळाली. सहावं दोन महिन्यांचं झालं तरी कुणी नेईना, तेव्हा कन्येनं ते फळांच्या खोक्यात घालून कोथरूडला आमच्या तिसऱ्या मजल्यावर आणलं आणि 'फक्त दोन दिवस' असं जाहीर केलं. 'फक्त दोन दिवस' या अटीवर आमच्या घरात आजवर एक सतार, एक व्यायामाची सायकल आणि माझा एक मावसभाऊ येऊन राहिलेला आहे.

नावावरून चर्चा सुरू झाली. कन्येच्या यादीत ब्रूनो, सिंबा आणि कोको होते. हिचं म्हणणं, दोन दिवसांसाठी नाव कशाला? तेवढ्यात आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "कुत्र्याचं नाव मोत्या असतं." सूर्य पूर्वेला उगवतो, हे सांगावं तसा स्वर. त्यावर कुणी वाद घातला नाही. याचं कारण मोत्या हे नाव आम्हांला पटलं हे नव्हे. अण्णा आपण होऊन काही बोलले, हे होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षे ८०. आई गेल्यापासून दोन वर्षं ते खोलीतून जेवायला आणि पेपर घ्यायला तेवढे बाहेर यायचे. पूर्वी रोज संध्याकाळी तास-दीड तास फिरणारा माणूस, पण आता फिरायला चला म्हटलं की "नको, पाय दुखतात" म्हणायचा. डॉक्टरांनी दोनदा पाय तपासले. पाय उत्तम होते.

पण आपण मोत्याकडे वळू. किंवा मोत्याच आपल्याकडे वळण्यापूर्वी त्याला गच्चीवर नेऊ.

पिल्लाच्या पोटाचं गणित तसं पहिलीतलं आहे. वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवायचा. तितके तास ते फार तर धरून ठेवू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे ३ तास. पण हा झाला विक्रम. रोजच्या व्यवहारात त्याला झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि झोपायच्या आधी, अशा चार प्रसंगी न्यावंच लागतं. पोटात अन्न पडलं की आतड्याला निरोप जातो आणि ५ ते ३० मिनिटांत निकाल लागतो. आता या वयाचं पिल्लू दिवसातून चारदा खातं, वीस-वीस मिनिटांच्या हप्त्यांनी झोपतं आणि मधल्या प्रत्येक फटीत खेळतं. हिशेब केला तर दिवसाकाठी डझनभर फेऱ्या होतात. एवढ्या फेऱ्या आमच्या मार्गावरची बससुद्धा करत नाही.

त्यात एक मेख. लसींचा क्रम पुरा होईपर्यंत, म्हणजे पिल्लू साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, जिथे इतर कुत्री हिंडतात अशा रस्त्यावर त्याला सोडायचं नसतं. पार्वो नावाचा एक विषाणू असतो, तो पिल्लांना दोन-चार दिवसांत होत्याचं नव्हतं करतो आणि मातीत महिनोन्महिने टिकून राहतो. म्हणजे पिल्लाला बाहेर न्यायचं, पण बाहेर न्यायचं नाही. अशी वाक्यं मी यापूर्वी फक्त सरकारी परिपत्रकांत वाचली होती. शेवटी डॉक्टरांनीच तोडगा सुचवला. गच्चीवर एक जुना पत्र्याचा ट्रे ठेवून त्यात माती भरली. माती कुठून आणायची, या प्रश्नावर कन्येनं बाल्कनीतल्या कुंड्यांकडे पाहिलं, तेव्हा ही तुळशीपुढे आडवी उभी राहिली. माती नर्सरीतून आली.

मग शब्दाचा प्रश्न उभा राहिला. शिकवणीचा पहिला नियम असा की, जागेवर नेल्यावर एकच शब्द म्हणायचा, घरातल्या सगळ्यांनी तोच म्हणायचा आणि काम होताक्षणी खाऊ द्यायचा. नियम साधा आहे. पण घरातल्या चार माणसांनी एका शब्दावर एकमत करायचं, हे ज्यानं लिहिलं तो एकटा राहत असला पाहिजे. आमच्या घरात टीव्हीच्या आवाजावर आणि आमटीतल्या गुळावर एकमत नाही. कन्या म्हणे, "गो पॉटी!" ही म्हणे, "कर रे बाबा एकदाची, मला स्वयंपाक आहे." मी नुसतं "चल" म्हणत असे. यावर कन्येनं हरकत घेतली की, "बाबा, 'चल' आपण दिवसातून पन्नासदा म्हणतो. 'चला जेवायला', 'चला झोपा आता', 'चल, फोन ठेवते'. त्यानं प्रत्येक 'चल' मनावर घेतलं तर?" मुद्दा बिनतोड होता. अण्णांना विचारलं तर त्यांनी "लघुशंका" हा शब्द सुचवला. शब्द घरंदाज होता, पण तो पुरा उच्चारून होईपर्यंत मोत्याच्या मनात शंका उरलेली नसे.

गच्ची गाठायला दर वेळी वेळ मिळेलच असं नाही, म्हणून हॉलच्या कोपऱ्यात रद्दी अंथरली. ही पद्धत जुनी आहे आणि ती लागू पडते. किंबहुना ती लागू पडते, हीच तिच्यातली अडचण आहे. पिल्लू जागेपेक्षा पायाखालचा स्पर्श लक्षात ठेवतं. चार दिवसांत मोत्याच्या डोक्यात समीकरण पक्कं झालं: छापील कागद म्हणजे मोरी. आता अण्णांची सवय अशी की, वाचून झालेलं पान खुर्चीशेजारी जमिनीवर सोडायचं. एका सकाळी त्यांनी अग्रलेखाचं पान खाली सोडलं, मोत्या लगबगीनं आला, पानाला एक प्रदक्षिणा घातली आणि त्यानं आपलं मत नोंदवलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, पानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अग्रलेखावर इतकी तातडीची प्रतिक्रिया मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय."

ही स्वयंपाकघरात निघून गेली. मला वाटलं, रागावली. पण ती ओट्याशी उभी राहून हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. अण्णांचा विनोद त्या घरानं फार दिवसांत ऐकला नव्हता.

मारा-सदरातल्या सल्लागारांत समोरच्या फ्लॅटमधल्या काकू प्रमुख होत्या. "त्याचं नाक त्यात घासा नि एक रट्टा द्या. आमच्या माहेरी असंच करायचे." हा उपाय महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे आणि त्याचा उपयोग कुठेच होत नाही. पिल्लाच्या लेखी कृत्य आणि फळ यांत एक-दोन सेकंदांचं अंतर चालतं. दहा मिनिटांनी मारलं तर त्याला एवढंच कळतं की, माणूस, डबकं आणि आपण असे तिघं एकत्र आलो की मार बसतो. मग ते पुढच्या वेळी डबकं करायचं सोडत नाही, माणसासमोर करायचं सोडतं. सोफ्यामागे जातं. काकू म्हणाल्या, "पण त्याला कळतं हो, चेहरा बघा कसा चोरासारखा करतो!" या चोरासारख्या चेहऱ्याचाही तपास झालेला आहे. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याला खाऊला तोंड लावू नको असं सांगून मालकानं खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर त्याला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. दिसलं असं की, चोरासारखा चेहरा होणं न होणं हे गुन्ह्यावर अवलंबून नव्हतं, मालक रागावला की नाही यावर होतं. म्हणजे तो पश्चात्ताप नव्हे, ती साहेबांचा मूड पाहून कारकुनाने धरलेली मुद्रा. बत्तीस वर्षं नोकरी केल्यामुळे मला हे समजायला न्यूयॉर्कला जावं लागलं नाही.

शिवाय याबाबतीत आपल्याकडे त्याहून जुना दाखला आहे. महाभारताच्या आदिपर्वात, कथा नीट सुरू व्हायच्या आत, जनमेजयाच्या यज्ञात एक कुत्र्याचं पिल्लू शिरतं. ते हविर्द्रव्याकडे बघत नाही, त्याला जीभ लावत नाही, तरी राजाचे भाऊ त्याला बडवतात. पिल्लू रडत आईकडे जातं. त्याची आई सरमा तडक यज्ञात येऊन राजाला जाब विचारते आणि अपराध नसताना मारलंत म्हणून शाप देते. राजाला तो निस्तरायला पुरोहित शोधत हिंडावं लागलं. मी हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे कुत्री शाप देते?" त्या दिवसापासून त्यांचा सल्ला बंद झाला आणि रोज संध्याकाळी मोत्याला अर्धी पोळी येऊ लागली.

साफसफाईबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. आपण फरशी पुसून 'आता नाही हो वास येत' म्हणतो, तेव्हा ते आपल्यापुरतं खरं असतं. पिल्लाला तिथे 'येथे करावे' अशी पाटी वाचता येत असते. अमोनिया असलेल्या द्रावणानं पुसलं तर ती पाटी आणखी ठळक होते, कारण लघवीला तोच वास. जीवरसायन असलेलं, म्हणजे एन्झाइमचं द्रावण मिळतं, ते त्या वासाच्या मुळाशी जातं. हिनं ते आणलं, किंमत पाहिली आणि त्या दिवसापासून मोत्याच्या वेळा पाळण्यात ती सगळ्यांच्या पुढे गेली.

तरी शब्दाचा प्रश्न सुटला नव्हता. फ्रिजवर तक्ता लागला. रात्री बाराची पाळी कन्येची, कारण ती तेव्हा जागीच असते. तीनची माझी. पाचची हिची. एका रात्री गजर झाला, उठलो, तर मोत्याची टोपली रिकामी. दाराची कडी काढलेली. लिफ्टनं वर गेलो. गच्चीचं दार उघडं होतं. डिसेंबरची थंडी, वर लख्ख चांदणं, आणि ट्रेपाशी अण्णा उभे. अंगावर शाल, कानाला मफलर. मोत्या मातीत गोल गोल फिरत होता आणि अण्णा अगदी हळू आवाजात, लांबवून, म्हणत होते, "शूऽऽऽ... शूऽऽऽ..."

मोत्या बसला. काम झालं. अण्णांनी शालीतून हरभऱ्याएवढा पनीरचा तुकडा काढून त्याला दिला.

आपल्याकडे कुठल्याही आजीला विचारा. तान्ह्या बाळाला दोन पावलांवर बसवायचं आणि कानाशी "शूऽऽ" करायचं. आधी बाळ करतं म्हणून आजी तो आवाज काढते, आणि थोड्याच दिवसांत आजी आवाज काढते म्हणून बाळ करतं. रशियात पावलोव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की, खाणं आणणाऱ्या नोकराची चाहूल लागली की कुत्र्याच्या तोंडाला आधीच पाणी सुटतं. मग मेट्रोनोमची टिकटिक करून त्यांनी ते सिद्ध केलं. पचनावरच्या कामाबद्दल त्यांना १९०४ सालचं नोबेल मिळालं आणि या टिकटिकीमुळे नाव अजरामर झालं. आमच्या आजीला तिच्या हयातीत नऊ नातवंडांवर हाच प्रयोग यशस्वी करूनही एका लुगड्यापलीकडे काही मिळालं नाही.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"दहा-बारा दिवस झाले," अण्णा म्हणाले. "तुझी आई तुला असंच करायची. त्यालाही लगेच कळलं."

"पण अण्णा, तीन वाजता तुम्ही कशाला उठता? माझी पाळी आहे."

अण्णा थोडा वेळ मोत्याकडेच पाहत राहिले. मग म्हणाले, "मी उठतोच. एकला उठतो, तीनला उठतो, साडेचारला उठतो. त्याच्यासाठी नाही. माझं मला."

आणि मग त्या गच्चीवर, मोत्याच्या साक्षीनं, पाय दुखण्याचं खरं कारण बाहेर आलं. घराबाहेर पडलं की अर्ध्या तासात जावं लागायचं, आणि लागलं की थांबवत नसे. एकदा रस्त्यात फजिती झाली होती. आई गेल्यानंतर हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. "ऐंशीचा माणूस रस्त्यानं चालला की त्याला देवळं, ओळखीची माणसं काही दिसत नाही," ते म्हणाले, "फक्त आडोसा कुठे आहे ते दिसतं." मग मोत्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "यानं केलं की तुम्ही सगळे टाळ्या पिटता. मला ऐंशी वर्षांत कुणी पनीर दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पायांच्या नव्हे. प्रोस्टेटची गाठ वाढलेली होती. या वयात ती बहुतेक पुरुषांची वाढते, आणि बहुतेक पुरुष पाय दुखतात असंच सांगतात, असं डॉक्टर म्हणाले. तपासण्या झाल्या, घाबरण्यासारखं काही निघालं नाही, गोळ्या सुरू झाल्या. सोबत एक कागद दिला: संध्याकाळनंतर पाणी-चहा कमी, झोपण्यापूर्वी जाऊन येणे, दिवसा लागो न लागो, ठरलेल्या वेळी जाणे. घरी आल्यावर हिनं तो फ्रिजवर मोत्याच्या तक्त्याशेजारी लावला. मोत्याचा तक्ता: संध्याकाळनंतर पाणी कमी, झोपण्यापूर्वी नेऊन आणणे, दिवसा ठरलेल्या वेळी नेणे. आठवड्याभरात वरची नावं पुसट झाली आणि कुठला कागद कुणाचा हे कळेनासं झालं. त्यानं दोघांचंही काही बिघडलं नाही. कन्या मात्र अण्णा बाथरूममधून आले की एखादे वेळी पनीरचा तुकडा पुढे करते, आणि ते तो गंभीरपणे खातात.

शब्दाचा ठराव एकमतानं मंजूर झाला. आता घरातले चौघंही "शूऽऽ" म्हणतात. आमटीतल्या गुळाचं अजून बाकी आहे.

मध्यंतरी सोसायटीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली: 'गच्ची ही सर्व सभासदांची सामाईक मालमत्ता असून लिफ्टमध्ये श्वानास मज्जाव आहे.' महाभारत जसं मार खाल्लेल्या पिल्लापासून सुरू होतं, तसं ते कुत्र्याला प्रवेश नाकारण्यापाशीच संपत येतं. युधिष्ठिराला स्वर्गात न्यायला इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला वर नेता येणार नाही म्हणतो. युधिष्ठिर म्हणतो, मग मीही येत नाही. अण्णा सेक्रेटरींकडे स्वतः गेले. बरोबर केंद्राच्या पशुकल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांची प्रत होती. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, लिफ्टचा वापरही नाकारता येत नाही, आणि मालकांनी घाण उचलावी, असं तिच्यात सांगितलेलं आहे. अण्णांनी तिसरा मुद्दा आधी वाचून दाखवला आणि खिशातून प्लॅस्टिकचं खोरं काढून टेबलावर ठेवलं. पुढचे दोन मुद्दे वाचावे लागले नाहीत.

मोत्या चार महिन्यांचा झाला, लसी पुऱ्या झाल्या, रेबीजचीही टोचून झाली, आणि रस्ता खुला झाला. पहिल्या दिवशी पट्टा कुणी धरायचा हा प्रश्नच निघाला नाही. अण्णा चपला घालून दारात उभे होते. त्यांनी रस्ता आखून ठेवला होता: बागेचं फाटक सहाला उघडतं, तिथे आत सोय आहे, पुढे दवाखाना, तिथला कंपाउंडर ओळखीचा, परतताना वाचनालय. प्रत्येक मुक्काम वीस मिनिटांच्या आत. मोत्याचे मुक्काम विजेच्या खांबांवर होते. दोन्ही वेळापत्रकं एकमेकांत बसवायला अण्णांना आठवडा लागला. आता दोघं तासभर फिरून येतात.

लोक विचारतात, "किती दिवसांत शिकला हो?" मोत्या सात महिन्यांचा आहे. दुधाचे दात पडून पक्के ४२ दात आले आहेत, आणि त्यांच्या सरावासाठी त्यानं माझी एक चप्पल, सतारीची गवसणी आणि सोसायटीच्या घटनेची एक प्रत वापरली आहे. 'बस' म्हटलं की बसतो, पण हातात पनीर दिसत असेल तर. 'ये' म्हटलं की येतो, पण यायचंच असेल तर. घरात मात्र गेले तीन महिने त्यानं एकदाही चूक केलेली नाही. रोज सकाळी पावणेसहाला तो अण्णांच्या पलंगापाशी जाऊन उभा राहतो, आणि अण्णा आधीच उठून बसलेले असतात.

परवा जिन्यात काकू भेटल्या. मोत्या पुढे, पट्टा ताणलेला, मागे अण्णा. काकूंनी हसून विचारलं, "काय हो, कोण कुणाला फिरवतंय?"

"ते अजून ठरायचंय," अण्णा न थांबता म्हणाले. "तूर्त दोघांनाही घाई आहे."